केळं ५२ कोटींचं, शेणाचं शिल्प आणि आपला बुरुड: इन्स्टॉलेशन आर्ट म्हणजे काय भानगड आहे?

ते केळ्याचं प्रकरण तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आलंच असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात भिंतीला टेपने चिकटवलेलं एक केळं ६२ लाख डॉलरला गेलं, आपल्या पैशात ५२ कोटींच्या आसपास, आणि ज्यानं घेतलं त्या जस्टिन सन नावाच्या क्रिप्टोवाल्यानं हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमोर ते सोलून खाऊन टाकलं. आमच्या पानठेल्यावर यावर जी चर्चा झाली ती पूर्ण छापण्यासारखी नाही, पण सार असं होतं, "ह्याले कला म्हन्तेत तं मंग मी रोज डझनभर कला खातो बाप्पा."

हसणं बरोबरच आहे. पण त्या केळ्यामुळे एक घोळ झाला, की रोजच्या वस्तू घेऊन केलेली सगळीच कला लोकांनी त्या एका केळ्याच्या हिशोबात टाकली. शेण, सुतळी, बांबू, भांडी, सुया, कोळसा असल्या गोष्टी घेऊन महिनोनमहिने हाताने राबून केलेली जी कामं आहेत ती वेगळी आहेत, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की ती कामं मुंबई-दिल्लीच्या गॅलरीत कॉफी पीत फिरणाऱ्यापेक्षा आपल्या वऱ्हाड-झाडीपट्टीतल्या माणसाला जास्त लवकर कळतात. फक्त कोणी आपल्याला नीट सांगितलेलं नाही.

आधी पुतळा, मग मांडव

शिल्प म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चौकातला पुतळा येतो. चौथरा, वर महापुरुष, खाली कोनशिला आणि तिच्यावर उद्घाटकाचं नाव महापुरुषाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. पुतळा आपण बाहेरून बघतो, हार घालतो, निघून जातो.

इन्स्टॉलेशन म्हणजे लग्नाचा मांडव समजा. मांडव लांब उभं राहून बघायची वस्तूच नाही, त्याच्या खाली जावं लागते, जांभळाच्या डहाळ्यांचा वास येतो, मधून मधून उन्हाचे कवडसे पडतात, कोणता बांबू कुठे रोवला त्यावरून माणसं कुठून चालतील ते ठरते, आणि हे सगळं मिळून मांडव होतो. लग्न आटोपलं की सोडला, बांबू ज्याचे त्याला परत. इन्स्टॉलेशनही असंच एखाद्या खोलीसाठी, एखाद्या जागेसाठी मांडलेलं असते, बघणारा त्याच्या आत असतो, आणि बऱ्याचदा प्रदर्शन संपलं की ते उकलून ठेवतात नाहीतर मोडून टाकतात. एवढी एक व्याख्या डोक्यात ठेवली की पुढचं सगळं सोपं आहे.

हे परदेशी खूळ आहे असं ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरलं, खानदेशात फैजपूरला, अध्यक्ष नेहरू. गांधीजी तेव्हा आपल्या वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले होते. अधिवेशनाचं सगळं नगर उभं करायचं काम त्यांनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना दिलं, आणि बोसबाबूंनी बांबू वगैरे गावात मिळेल त्या सामानातून आणि गावातल्याच कारागिरांच्या हातून ते उभं केलं. कमानी, मंडप, सजावट, सगळं. तेव्हा त्याला कोणी इन्स्टॉलेशन म्हटलं नाही, तो शब्द नंतर आला, पण आजच्या कोणत्याही बिएनालेत ते शोभलं असतं. (बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, आपल्या देशात कोचीला २०१२ पासून भरते.)

उचललेली वस्तू आणि केलेली वस्तू

आता इथे दोन वाटा फुटतात आणि लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

पहिली वाट रेडीमेडची. बाजारातली तयार वस्तू उचलायची आणि ही कला आहे म्हणून मांडायची. मार्सेल द्युशाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला चिनीमातीची मुतारी पाठवली, वर 'आर. मट' अशी खोटी सही मारून. त्या प्रदर्शनाचा नियमच असा होता की फी भरेल त्याचं काम ठेवायचं, तरी त्यांनी ती ठेवली नाही. मूळ मुतारी हरवली, आज म्युझियममध्ये आहेत त्या नंतर करून घेतलेल्या प्रती. द्युशाँचा मुद्दा एवढाच की कला कोण ठरवते? वस्तू, करणारा, की ती जिथे ठेवली ती जागा? मुद्दा बिनतोड आहे, पण शंभर वर्षं झाली त्याला. केळंवाला मॉरिझिओ कॅटेलान ह्याच घराण्यातला. केळ्यासोबत मालकाला एक सर्टिफिकेट मिळते, केळं सडलं की दुसरं लावायचं, म्हणजे ५२ कोटी त्या कागदाचे आणि त्या गाजावाजाचे. मला स्वतःला ह्या वाटेत फार रस नाही, जोक एकदा कळला की कळला.

दुसरी वाट म्हणजे केलेली वस्तू. सामान तेच, घरातलं, शेतातलं, कचऱ्यातलं, पण त्याच्यावर हात चाललेला असतो, विणलेलं, गाठवलेलं, ठोकलेलं, लिंपलेलं, आणि ते हातकाम लपवलेलं नसते, उलट तेच दाखवायचं असते. हा लेख ह्या दुसऱ्या वाटेबद्दल आहे.

शेण, कोळसा, झाकणं

शीला गौडा कर्नाटकातल्या, १९५७ चा जन्म, आधी चित्रं काढायच्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात जे दंगे झाले, मुंबईत जे झालं, त्यानंतर त्यांना कॅनव्हासवर रंग लावणं पुरेसं वाटेना आणि त्यांनी शेण हाताशी घेतलं. शहरातल्या माणसाला यात धक्का बसतो. आपल्याला बसत नाही, आणि म्हणूनच आपण पुढचं वाचू शकतो. शेण म्हणजे सारवण, शेण म्हणजे गोवऱ्या, शेण म्हणजे खत, शेण पवित्र आणि त्याच वेळी ज्या बाईला दुसऱ्याच्या गोठ्यातलं रोज उचलावं लागते तिच्यासाठी ते कमी लेखलेलं काम. आणि गायीच्या नावावर काय काय राजकारण चालते ते वेगळं सांगायला नको. हे सगळं एका गोळ्यात आहे, त्याला रंगवून सांगायची गरज नाही.

आपल्याकडचं उदाहरण प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यातल्या सास्तीचे, घरात तीन पिढ्या कोळशाच्या खाणीत. ते शिल्पकला शिकले खैरागडला आणि मग बडोद्याला, आणि भिंतीवर मोठमोठी चित्रं काढतात कोळशाने. खाणकामगारांची चित्रं कोळशानेच. माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी भलतंच काही, अवजार, दिवा. प्रदर्शन संपलं की भिंत पुसली जाते. ज्यानं वेकोलिच्या ओपनकास्टच्या, म्हणजे कोळशाच्या उघड्या खाणीच्या बाजूचं गाव पाहिलं, दोरीवरचे कपडे काळे होताना पाहिले, त्याला हे काम समजावून सांगायला क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन मांडणारा जाणकार, लागत नाही.

आफ्रिकेतले एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची झाकणं वापरतात. जन्म घानाचा, आयुष्य गेलं नायजेरियात. ही अॅल्युमिनियमची झाकणं ठोकून चपटी करायची, वळवायची, तांब्याच्या तारेनं एकमेकांना ओवायची, अशी हजारो, की शेवटी भिंतभर पसरणारा जरीचा शालू वाटावा. जवळ गेलं की दारूच्या ब्रँडची नावं दिसतात. युरोपवाल्यांनी आफ्रिकेत दारू आणली, ती देऊन माणसं नेली, हा इतिहास त्या झाकणात बसलेला आहे. २०१५ मध्ये त्यांना व्हेनिसच्या बिएनालेत जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे हे पडदे टांगायचे कसे ते अनात्सुई ठरवून देत नाहीत, घड्या कुठे पाडायच्या ते टांगणाऱ्यानं बघावं.

आणि बांबू घ्या. परदेशातला माणूस म्हणेल, वा, इको फ्रेंडली. आपल्याला माहीत आहे की १९२७ च्या वन कायद्यात बांबूला झाड धरलं होतं, त्यामुळे तो तोडायला-न्यायला परवानगी लागायची, गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला स्वतःच्या जंगलातला बांबू विकायचा हक्क २०११ मध्ये हातात पडला तेव्हा खुद्द केंद्रीय मंत्री गावात आले होते, आणि जंगलाबाहेरच्या बांबूला 'झाडा'तून वगळायला २०१७ उजाडलं. उद्या कोणी गडचिरोलीच्या पोरानं बांबूचं इन्स्टॉलेशन केलं तर त्याच्या एकेका पेरात हे सगळं असणार.

हात दिसला पाहिजे

मृणालिनी मुखर्जी (१९४९ ते २०१५) ह्यांनी ताग-सणाच्या रंगवलेल्या दोऱ्या घेऊन माणसाएवढी आणि त्याहून मोठी शिल्पं केली. माग नाही, साचा नाही, आधी काढलेलं स्केच नाही, नुसत्या गाठी. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, आणि त्यातून देवी म्हणावी की फूल म्हणावं की झाड म्हणावं असं काहीतरी उभं राहते. 'वनश्री' म्हणून एक आहे त्यांचं. एकेका कामाला कितीतरी महिने जायचे.

ज्यांच्या घरी अंबाडी होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. अंबाडी कापायची, पेंढ्या बांधून नाल्यात दगडाखाली दाबून कुजवायची, त्या वासानं दोन दिवस जेवण जात नाही, मग साल ओरबाडून काढायची, धुवायची, वाळवायची, आणि मग मांडीवर पीळ देत दोर. आमचा म्हातारा दोर वळताना बोलायचा नाही, का तर पीळ सैल पडते म्हणे. त्याच्या मांडीवर केस उरले नव्हते त्या जागी, चकचकीत पट्टा होता. आता पोळ्याला नायलॉनचे कासरे, लाल-हिरवे, स्वस्त आणि टिकतातही जास्त, तक्रार नाही. पण मुखर्जींच्या कामाचा फोटो मोठा करून बघितला तेव्हा मला पहिली ती मांडी आठवली. बघणाऱ्याला हाताचा वेळ कळावा एवढंच अशा कामाचं अर्धं म्हणणं असते.

शीला गौडांचंच अजून एक काम, १९९८ ते २००१ मधलं. शिवायचा दोरा सुईतून ओवायचा, पूर्ण लांबी, मग असे कितीतरी दोरे एकत्र करून कुंकवानं आणि डिंकानं लाल दोर करायचा, आणि सुया टोकाला तशाच लोंबत ठेवायच्या, झुबका करून. खोलीभर तो दोर साप फिरावा तसा फिरतो. कुंकू, सुई, दोरा, तिन्ही बाईच्या कामातल्या वस्तू, आणि जवळ गेलात तर टोचेल. यावर अजून काही लिहिलं तर मजा जाईल.

"हे तं मी बी केलं असतं"

करा ना. खरंच. केळ्याच्या बाबतीत मी तुमच्यासोबत आहे. पण चार हजार मीटर केसांचा दोर वळून दाखवा. ते पण गौडांचं काम, २००९ चं. माणसांच्या केसांचा दोर, आणि त्या दोराला लटकलेले गाड्यांचे स्टीलचे बंपर. बंगळुरूकडे दृष्ट लागू नये म्हणून गाडीला केसांची वेणी बांधतात, आपल्याकडे लिंबू-मिरची नाहीतर जुनी चप्पल बांधतो तशी. गौडांच्या त्या कामात बंपरचा सगळा भार केसांनीच उचलला आहे.

कोर्टातही हा प्रश्न गेला होता बरं का. १९२६ मध्ये ब्रांकुशी नावाच्या शिल्पकाराचा काशाचा पक्षी अमेरिकेत उतरला. लांबट चकचकीत आकार, ना चोच ना पंख. कस्टमवाल्यांनी त्याला भांडीकुंडी आणि दवाखान्याचं सामान ह्या खात्यात टाकून ४० टक्के ड्युटी लावली. कला असती तर ड्युटी माफ. खटल्यात खल झाला तो दोन गोष्टींवर, हा पक्षी दिसते का, आणि हे कारखान्यात झालं की माणसाच्या हातानं. ओतकाम झाल्यावर घासून-घासून आकार आपण स्वतः काढला असं ब्रांकुशींनी सांगितलं. १९२८ मध्ये निकाल लागला, कला आहे. म्हणजे हात कोणाचा हा प्रश्न आपल्या पानठेल्यावरचा नाही, न्यायाधीशांनाही तोच पडला होता.

"मग आमचा बुरुड कलाकार का नाही?"

हा खरा आक्षेप आहे आणि ह्याला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही.

बुरुडाचं काम कोणी जवळून बघितलं असेल तर आठवा. हिरवा बांबू पायाच्या अंगठ्यात धरून कोयत्यानं उभा चिरायचा, मग कामट्या, मग कामट्यांच्या अजून पातळ पट्ट्या, पाठ वेगळी, पोट वेगळं, पाठीच्या पट्ट्या मजबूत म्हणून त्या काठाला. सुपाचा मागचा भाग खोल आणि तोंड उथळ, कारण पाखडताना दाणा मागे राहिला पाहिजे आणि फोल पुढून उडालं पाहिजे. हा उतार कुठल्या कागदावर नाही, बोटात आहे. आणि बाजाराच्या दिवशी आपणच त्याला म्हणतो, शंभराचं ऐंशीत दे.

पहिलं उत्तर, जे कलावाले देतात ते: सूप पाखडायला केलं आहे, त्याचं काम ठरलेलं आहे. कलाकार तेच सूप, तीच विणकाम, कामातून सोडवून असं मांडतो की बघणाऱ्यानं सूप सोडून दुसऱ्याच कशाचा तरी विचार करावा, श्रमाचा, भुकेचा, जातीचा. सुबोध गुप्ता खगौलचे, बिहारचे. स्टीलची भांडी, डबे, ताटं, पातेली ह्यांचा डोंगर रचतात, २००८ मध्ये त्यांनी भांड्यांचा अणुबॉम्बचा ढग केला. ताट जेवायला नाही, भांडं रांधायला नाही, म्हणून आपण त्याच्याकडे पहिल्यांदा टक लावून बघतो. हे उत्तर मला अर्धं पटते.

अर्धं पटत नाही, कारण नाव आणि पैसा. आय वेवे नावाच्या चिनी कलाकारानं २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न म्युझियममध्ये सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. दहा कोटी. एकही खरी नाही, सगळ्या चिनीमातीच्या, जिंगदेजेन ह्या चिनीमातीच्या जुन्या गावात केलेल्या, एकेक बी भाजलेली आणि ब्रशनं हातानं रंगवलेली. सुमारे १,६०० कारागीर राबले, दोन वर्षांच्या वर. काम जबरदस्त आहे, 'मेड इन चायना' म्हणून आपण ज्याला नाकं मुरडतो त्याच्या मागे माणूस बसला आहे हे त्या ढिगावर उभं राहिल्यावर कळते. (उभंही फार दिवस राहता आलं नाही, चालल्यानं धूळ उडते म्हणून थोड्याच दिवसात आत जाणं बंद केलं. जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला ह्याचं आश्चर्य वाटणार नाही.) आय वेवेनं कारागिरांना काम दिलं, त्यांच्यावर व्हिडिओ दाखवला, हे मान्य. पण जगाला नाव एकच माहीत आहे, आणि बाकीचा आकडा आहे, १,६००.

म्हणजे हाताच्या श्रमावरची कलाही हात दुसऱ्याचेच वापरते बऱ्याचदा. सगळेच असं करतात असं नाही, मुखर्जींच्या गाठी मुख्यतः त्यांच्याच हातच्या. पण बुरुडाला कलाकार म्हणायला अडचण त्याच्या कामात नाहीच, अडचण आहे की कला म्हणून मान्यता देणारी माणसं, जागा, विकत घेणारे हे सगळं एका वर्गाच्या हातात आहे आणि बुरुड त्यात बसत नाही, त्याची जात तर नाहीच बसत. हे सांगायला कोणी तयार नसते म्हणून मी सांगतो.

"एवढे पैसे?"

लिलावातले आकडे हे ह्या कलेचं माप नाही, ते पैसेवाल्यांच्या आपसातल्या खेळाचं माप आहे. बहुतेक इन्स्टॉलेशन विकल्याच जात नाहीत, घरात मावतही नाहीत. त्या केळ्याच्या बातमीत एक बारीक ओळ होती, लिलावाच्या दिवशीचं केळं बाहेरच्या फळवाल्याकडून ३५ सेंटला घेतलं होतं. मला सगळ्या प्रकरणात तेवढंच काम कलेचं वाटलं आणि ते कॅटेलाननं केलेलं नाही.

"पण हे टिकत नाही ना"

आपण कोण बोलणार हे, राजेहो. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबती, म्हणजे ईडापीडेचे मोठे पुतळे, १८८० च्या दशकापासून निघतात, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. बांबूचा सांगाडा, कागद, कापड, रंग, आणि सोबत बडगे, तेही पुतळेच, ज्याच्यावर त्या वर्षीचा राग असेल त्याचे, महागाई, भ्रष्टाचार, कोणी पुढारी. हजारो माणसं रस्त्यावर, आणि शेवटी जाळून टाकायचं. खेड्यात तर पळसाच्या डहाळ्या दारात उभ्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेर ओढत न्यायच्या, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" ओरडत. साधं सामान, हातकाम, जागा, माणसांचा सहभाग, आणि मोडून टाकणं हाच शेवट. कोणत्याही आर्ट स्कूलच्या पुस्तकात ह्याहून पक्कं उदाहरण मिळणार नाही.

इटलीत १९६७ च्या सुमारास गरीब सामानाची कला करणारा एक गट झाला, त्यांना आर्ते पोवेरा म्हणतात. त्यातल्या जोव्हानी अन्सेल्मोनं १९६८ मध्ये ग्रॅनाइटचा खांब केला, त्याला एक छोटा दगड तारेनं बांधला, आणि मधात ताजी पालेभाजी दाबली, लेट्यूस. भाजी वाळली, आकसली की तार सैल होते आणि दगड खाली पडते. म्हणून म्युझियमवाल्यांना भाजी बदलत राहावी लागते. दगडाला रोज खायला घालायचं! ज्याच्या घरी जनावर आहे त्याला हे काम बघून हसू येईल आणि पटेलही.

बघायचं कुठे, कसं

सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीच्या आत मातीच्या भिंतीवर मीराबेननं हातानं उठवलेली झाडं आणि चरखा आहे, लोक चष्मा आणि काठी बघून निघतात, ते बघत नाहीत. चंदीगडला कधी गेलात तर नेक चंद यांचं रॉक गार्डन, हा रस्ते खात्यातला साधा कर्मचारी, फुटक्या बांगड्या, कपबशा, टाइल्सचे तुकडे जमवून सरकारी जागेत वर्षानुवर्षं चोरून बाग करत होता, १९७६ मध्ये ती लोकांसाठी उघडली. मुंबईच्या बहुतेक गॅलऱ्यांमध्ये फुकट जाता येते, दारावरचा गार्ड अडवत नाही, फक्त आपल्यालाच आत जायला कसंतरी वाटते.

आत गेल्यावर 'अर्थ काय' हे आधी विचारू नका. बाजूला एक चिठ्ठी असते, नाव, साल, आणि खाली माध्यम, म्हणजे कशाचं केलं आहे ते. माध्यमाची ओळ आधी वाचा, मग वस्तूच्या जवळ जा, गाठ कशी मारली, जोड कुठे आहे, ह्याला किती दिवस लागले असतील, आपल्याकडे हे कोण करते, हे बघा. आणि चिठ्ठीवर कारागिरांची नावं नसतील तर तिथे बसलेल्या पोरीला विचारा की हे विणलं कोणी. बहुतेक तिला माहीत नसते. ती आत जाऊन कोणाला तरी विचारून येते, तेवढं थांबा.